सायकल, मामा आणि मागची खोली : मालावीतल्या प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२२

गाव ते आरोग्य केंद्र हे अंतर आज चालून मोजलं. १९ किलोमीटर. गरोदर बायकांना केंद्रावर पोहोचवण्याच्या आमच्या प्रकल्पाच्या कागदांत १४ लिहिलंय, ते नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं असणार. पहाटे सव्वापाचला निघालो, साडेदहाला पोहोचलो. माझ्या पायात बूट, पोटात बाळ नाही, डोक्यावर बोचकं नाही, तरी शेवटच्या चार किलोमीटरला वाळूने पिंढऱ्या धरल्या. नंदुरबारच्या धडगावात असताना डोंगरांना शिव्या द्यायचे; वाळू त्याहून वाईट. वाटेत दोन कोरडे ओढे लागले. सोबतचा आरोग्य कर्मचारी (एचएसए) म्हणाला, "आत्ता हसत ओलांडा. जानेवारीत यांना ओढा म्हणणार नाही तुम्ही."

जागा: मांगोची जिल्हा, मालावी सरोवराचा पूर्वकाठ. वस्ती याओ लोकांची, बहुतेक मुसलमान. आपसात चियाओ बोलतात, आमच्याशी चिचेवा. गावाचं नाव इथे लिहिणार नाही, माणसांचीही नाही. बायकांनी बोलण्याआधी तीच अट घातली होती.

एचएसए म्हणजे सरकारचा पगारी आरोग्य कर्मचारी. आपल्या आशाताई आणि एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य सेवक) यांच्या मधला कुणीतरी म्हणा. एकामागे १००० माणसं असं कागदावर. याच्याकडे त्याहून कितीतरी जास्त. त्याच्या घरी लाकडी औषधपेटी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब तो गावातच बघतो. बोट टोचून मलेरियाची पट्टी लावतो, घड्याळ धरून श्वास मोजतो, गोळ्या देतो, ओआरएस आणि झिंक देतो. दूरच्या गावांसाठी २००८ पासून ही सोय आहे आणि ती खरंच चालते. पण पोटुशी बाई त्या पेटीत बसत नाही. तिला १९ किलोमीटर.

३० सप्टेंबर

घरोघर फिरून झालं. प्रश्न एकच, मागचं बाळंतपण कुठे झालं? आमच्या वहीत ४३ बाळंतपणं, त्यातली ११ घरी, २ रस्त्यात.

देशाचं चित्र कागदावर बरंच बरं दिसतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ९१ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. त्याच पाहणीत मातामृत्यू लाख जिवंत जन्मांमागे ४३९. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मी शेजारी शेजारी लिहून ठेवलेत. पोहोचणाऱ्याही मरतात. उशिरा पोहोचतात म्हणून, किंवा पोहोचल्यावर तिथे रक्त नसतं, माणूस नसतो म्हणून. आमच्या शिक्षणात याला तीन विलंब म्हणतात: घरात ठरवण्यातला, वाटेतला, दवाखान्यातला. प्रकल्पाने मधला उचलला, कारण तो फोटोत दिसतो. (हे वाक्य अहवालात जाणार नाही.)

६ ऑक्टोबर

दोन सायकल-अँब्युलन्स आल्या. सायकलला मागे जोडलेली दोन चाकांची गाडी, तिच्यात सुटं होणारं स्ट्रेचर, वर कापडी छत. मालावीत हा प्रकार नवा नाही, अनेक जिल्ह्यांत वापरून झालाय. डिझेल लागत नाही ही मोठी गोष्ट. मे महिन्यात क्वाचाचं २५ टक्के अवमूल्यन झाल्यापासून पेट्रोल लिटरला जवळजवळ २००० क्वाचा आहे, आपले दीडशे रुपये, आणि तेही पंपावर असेल तर.

चाचणीसाठी स्ट्रेचरवर मीच झोपले. दोन तरुणांनी मला शाळेपर्यंत नेऊन आणलं. मागे पन्नासेक पोरं "अम्वेन्ये! अम्वेन्ये!" ओरडत. अम्वेन्ये म्हणजे भारतीय. मांगोचीच्या बाजारात गुजराती मुळाची दुकानं आहेत, त्यामुळे शब्द सगळ्यांना ठाऊक. पण दुकानदारीणबाईला गाडीत आडवं घालून नेताना त्यांनी कधी पाहिलं नसावं. हाडं खिळखिळी झाली. गादी जाड हवी, छताला बाजूचे पडदे हवेत असं लिहून घेतलं. पडद्यांचं का सुचलं ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

महिन्याचा हिशेब. एकूण ९ फेऱ्या. तापाने झटके आलेली मुलं ३, आंब्याच्या झाडावरून पडलेला मुलगा १, म्हातारे दमेकरी २, दवाखान्यातून घरी आणलेलं प्रेत १, मक्याची पोती १ (ही नोंद चालवणाऱ्याने प्रामाणिकपणे केली आहे). बाळंतपणासाठी फक्त १.

याच महिन्यात गावात पाच बायका बाळंत झाल्या. एक सायकलवरून गेली. दोघी काबाझाने, म्हणजे भाड्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून. दोघी घरी.

मी समितीत विचारलं, तर पुरुष म्हणाले रस्ता खराब, गादी पातळ. हे सगळं खरं, पण उत्तर हे नव्हे. उत्तर संध्याकाळी विहिरीवर मिळालं, एका गोगोकडून. गोगो म्हणजे आजी. मला म्हणाली, "तुमची गाडी दारात उभी राहिली की अख्ख्या गावाला कळतं. कळा लागल्याचं कुणी सांगतं का?"

कळा सुरू झाल्या की ते झाकून ठेवायचं. जळणारी माणसं असतात, करणी करणारी असतात. आणि जितक्या जणांना कळेल तितकी बाई अडते असाही समज. चिचेवात गरोदरपणाला 'पाकाती' म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ 'मध्ये'. कशाच्या मध्ये ते केंद्रातल्या सिस्टरने सांगितलं: जगणं आणि मरणं. आणि बाळंत झाली याला 'वाचिरा' म्हणतात, बरी झाली. आपल्याकडे बाईचा दुसरा जन्म म्हणतात, तेच. अशा वेळी रंगीत छताची गाडी, दोन तरुण आणि पन्नास पोरं! आम्ही वाजतगाजत वरात काढायला निघालो होतो.

१६ नोव्हेंबर

मामाचं प्रकरण.

इथे नातं आईकडून चालतं. लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. घरादाराचा, भाच्यांचा शब्द मामाचा. त्याला म्विनी म्बुम्बा म्हणतात, बहिणींच्या गोतावळ्याचा धनी. आजारी बाईला कुठे न्यायचं हे तो ठरवतो. नवरा ठरवू शकत नाही. नवरा बऱ्याचदा सरोवरावर रात्रीच्या मासेमारीला असतो किंवा दक्षिण आफ्रिकेत कामाला. आणि आम्ही दोन महिने कुणाच्या बैठका घेतल्या? नवऱ्यांच्या.

आज सात मामांना बोलावलं, पाच आले. सगळ्यात वयस्कर मामाने बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी हो म्हटलं आणि ती तिकडे मेली, तर मी बहिणीला काय सांगू?" दुभाष्याने हे भाषांतर करताना आवाज खाली आणला. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, तुम्ही एकदा माझ्यासोबत केंद्र बघायला चला.

२२ नोव्हेंबर

तेच वयस्कर मामा आले. सिस्टरने सगळं उघडून दाखवलं: टेबल, इंजेक्शनचा फ्रिज, बाळाला श्वास देण्याची पिशवी. मामांचं लक्ष मात्र बाहेर. आवारात झाडाखाली रुग्णांच्या सोबतच्या बायका तीन दगडांवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवत होत्या. इथे सोबत्याला गार्डियन म्हणतात, आणि गार्डियनशिवाय दवाखाना चालतच नाही. अन्न, पाणी, कपडे सगळं तिच्याकडे. मामांनी एकीला विचारलं, किती दिवस झाले? ती म्हणाली सहा. पीठ कधी संपलं? काल.

परतताना ते म्हणाले, "रस्ता लांब नाही. पीठ लांब आहे."

हे वाक्य मी पुढे सगळ्या बैठकांत वापरणार आहे, त्यांना सांगून.

३० नोव्हेंबर

केंद्राच्या मागे एक बंद खोली आहे. बारा बाय अठरा फूट, पत्रा गंजलेला, आत जुन्या खाटा आणि वटवाघळं. प्रस्ताव असा की ती दुरुस्त करून दिवस भरलेल्या बायकांना शेवटचे दोनतीन आठवडे राहायला द्यायची. कळा लागल्यावर पळापळ नको, आणि गावातून दिवसाउजेडी निघालं तर लपवण्यासारखंही काही नाही. बाजाराला चालली म्हणायचं.

कल्पना माझी नाही. मालावीत अशी प्रतीक्षाघरं २०१२ नंतर जोरात बांधली गेली, राष्ट्राध्यक्ष जॉइस बांडा यांनी सुरक्षित मातृत्वाची मोहीम काढली तेव्हापासून. आणि आपल्याकडे आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी माहेरघर असतंच. मी हौसेने इथल्या बायकांना 'माहेरघर' शब्दाचा अर्थ सांगायला गेले आणि मध्येच थांबले. इथली बाई जन्मभर माहेरीच असते, सासर नवऱ्याला! माहेरघर म्हणजे तिच्या दृष्टीने माहेरातून बाहेर काढणारं घर. बायका हसून हसून लोळल्या. नावाचा विचार सोडला. 'मागची खोली' एवढंच म्हणतो.

आठ बायकांना विचारलं, खोलीत काय हवं? मला वाटलं खाटा, मच्छरदाण्या. त्यांची यादी: स्वयंपाकाची शेड, पावसात न भिजणारं सरपण, पिठाला कुलपाची पेटी, दार लागणारी न्हाणी. खाटा कुणीच मागितल्या नाहीत. एकीने विचारलं, घरी माझ्या मोठ्या दोघांना कोण बघणार? त्याला आमच्याकडे कोणताही रकाना नव्हता.

आणखी एक. बाळंतपणाला जाताना काळं प्लास्टिक, ब्लेड, नाळेला चिमटा किंवा दोरा, बादली-घमेलं आणि चितेंजे घेऊन या असं सांगितलं जातं. चितेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड. बाळ त्यातच गुंडाळतात, पाठीला बांधतात. सरकारी सेवा फुकट आहे, पण हे सामान फुकट नाही. तीन बायका सरळ म्हणाल्या, नवं चितेंजे नव्हतं म्हणून थांबलो. जुनेर नेसून बाळंतिणींच्या रांगेत झोपायचं नव्हतं त्यांना. बजेटमध्ये 'चितेंजे' असा रकाना घातलाय. मुख्य कार्यालयाकडून प्रश्न येईल, येऊ दे.

१२ डिसेंबर

कॉलरा. मार्चमध्ये शेजारच्या माचिंगा जिल्ह्यात सुरू झाला होता, आता सगळीकडे. ५ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आमचा काठ त्याला फावतो: लोक सरोवराचं पाणी पितात, संडास वाळूत टिकत नाहीत, मासळीच्या बाजाराला रोज माणसं येतात-जातात.

मागच्या खोलीचा पत्रा कालच बदलून झाला होता. आज सकाळी वैद्यकीय सहायकाने विचारलं, खोली कॉलऱ्याला घेऊ का? नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. दुपारपर्यंत भोकाच्या खाटा लागल्या, खाली बादल्या, दारात क्लोरीनचं पाणी. आमच्या खोलीत पहिली झोपली ती बाळंतीण नव्हती.

९ जानेवारी २०२३

लिहायला वेळ नाही. सलाईन, ओआरएस, क्लोरीन. ब्लांटायर आणि लिलोंग्वेच्या शाळा सुट्टीनंतर उघडल्याच नाहीत. लसीचा एकच डोस मिळतो. जगभरात तुटवडा असल्याने ऑक्टोबरपासून दोनाऐवजी एकच द्यायचं ठरलंय. सायकल-अँब्युलन्स दिवसाला दोनदा धावतात आणि प्रत्येक फेरीनंतर धुवाव्या लागतात. गादीचं रेक्झिन क्लोरीनने पांढरं पडलं.

हा उपाशी महिना आहे. जुना मका संपला, नवा कमरेएवढा. पीठ लांब आहे.

२ फेब्रुवारी

गावातली एक बाई गेली. चौथं बाळंतपण. घरून वेळेत निघाली, मामाने परवानगी दिली होती, सायकलने केंद्रावर आली, तिथून गाडीने मोठ्या रुग्णालयात. सगळं आम्ही शिकवलं तसं. बाळंत झाली, रक्तस्राव थांबेना, तिच्या गटाचं रक्त मिळालं नाही. बाळ जिवंत आहे.

तेच मामा. मी भेटायला गेले. चटईवर बसले, बराच वेळ कुणी बोललं नाही. निघताना त्यांनीच माझा हात हातात घेतला.

१४ मार्च

फ्रेडी चक्रीवादळ. मुख्य तडाखा दक्षिणेला, ब्लांटायर, फालोंबे, मुलांजेकडे. रेडिओवर डोंगर घसरून वस्त्या गाडल्या गेल्याच्या बातम्या. आमच्याकडे त्याचा शेपटाकडचा पाऊस, पण दोन्ही ओढे भरले. एचएसए म्हणाला होता तसेच, ओढा म्हणवत नाही.

परवा रात्री एकीला कळा लागल्या. स्ट्रेचर गाडीवरून सोडवून सहा जणांनी खांद्यावर घेतलं. पहिल्या ओढ्याशी अडकले. ती तिथेच काठावर बाळंत झाली, सोबत अझांबा. अझांबा म्हणजे सुईण. दवाखान्यात न्यायला जमवलेलं काळं प्लास्टिक बायकांनी चारी कोपऱ्यांनी तिच्यावर धरलं होतं. बाळ रडलं, पण वार पडेना आणि अंगावरून जायला लागलं.

मग होडीची आठवण कुणाला झाली यावर आता गावात वाद आहे, निदान चार जण श्रेय घेतात. मी नव्हते एवढं नक्की. नर्मदेवरचा तरंगता दवाखाना पाहिलेली बाई मी, सहा महिने या सरोवराच्या काठावर राहते आणि मला रस्ताच दिसत राहिला. उजाडल्यावर वारा पडला तशी मासेमारीची होडी काढली, काठाकाठाने केंद्रापर्यंत. सिस्टरने ऑक्सिटोसिन दिलं, हाताने वार काढली, दोन सलाईन चालवल्या. बाई वाचली. वाचिरा.

११ एप्रिल

कॉलरा ओसरतोय. खोली परत मिळाली. तीनदा क्लोरीन, दोनदा चुना, नवी दारं, शेड, न्हाणी, पेटीला कुलूप. आठ दिवस झाले, कुणी येत नाही. येणार कसं? त्या खोलीत माणसं मेली. चुन्याने ते जात नाही.

१९ एप्रिल

ओढ्यावरची अझांबा चार दिवसांपूर्वी केंद्रावर आली. २००७ मध्ये सरकारने सुईणींना बाळंतपणं करायला बंदी घातली, पुढे तीनेक वर्षांत राष्ट्राध्यक्षांनी ती उठवली, तरी गावोगावचे नियम राहिलेच. घरी बाळंतपण केलं तर बकरी दंड. तेव्हापासून ही बाई आरोग्य खात्याच्या माणसांना बघून दुसऱ्या वाटेने जायची. आम्हीही तिला कधी बैठकीला बोलावलं नव्हतं. चूक, मोठी.

तिने खोली बघितली, कोपऱ्यात चटई टाकली आणि सांगितलं, मी इथे तीन रात्री झोपणार. रमझानचे शेवटचे दिवस. संध्याकाळी रोजा सोडायला सिस्टरने तिच्यासाठी फाला, म्हणजे मक्याची पेज, केली. चौथ्या दिवशी गावात जाऊन तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. विचारलं नाही.

२८ एप्रिल

खोलीत दोघी.

१८ मे

लसीकरण मोहीम: टायफॉइड, गोवर-रुबेला, पोलिओ, जीवनसत्त्व अ. टायफॉइडला नऊ महिने ते पंधरा वर्षांखालची पोरं, शाळेपुढे रांगा. एचएसए बाटलीवरचं लेबल वाचून दाखवत होता, बॅच नंबर लिहिण्यासाठी. गोवर-रुबेलाच्या बाटलीवर पुणे. मी म्हटलं, माझं गाव तिथून बसने चार तास. त्याला ते पटलं नाही. बाटल्या विमानाने येतात, आणि तिथे बस?

खोलीत पाच जणी. कुलपाची किल्ली सगळ्यांत मोठ्या बाईकडे. घरच्या पोरांचा प्रश्न त्यांनीच सोडवला: एक जाते तेव्हा दुसरीची बहीण बघते, आणि उलट. आम्ही त्यात नाही.

९ जून

मका निघाला. म्वेरा सुरू झालाय, दक्षिणेकडून येणारा थंडीचा वारा. सरोवर खवळलेलं, होडीचा भरवसा नाही. खोलीला खिडकीचे पडदे आणि दोन ब्लँकेटं जास्त लागतील.

२२ जून

सायकल-अँब्युलन्सची नवी नोंदवही पाहिली. मे-जूनमध्ये २३ फेऱ्या. त्यातल्या १४ पुढे फक्त 'उफा' लिहिलंय. उफा म्हणजे पीठ. मामांनी आपसात ठरवून घेतलंय: दर शनिवारी गावातून खोलीतल्या बायकांसाठी पीठ, सुकी उसिपा (आपली सुकटच, फक्त गोड्या पाण्यातली) आणि सरपण सायकलने जायचं. येताना गाडी रिकामी नसते. बाळंतीण, बाळ, कधी त्यांच्यासोबत गार्डियन. तेव्हा मात्र छत लावतात आणि पोरं मागे धावतात, त्याला कुणाची हरकत नाही.

अहवालाच्या साच्यात 'रुग्णवाहतूक' आणि 'इतर' असे दोनच रकाने आहेत. १४ फेऱ्या 'इतर'मध्ये टाकायला मन होईना; तिसरा रकाना हाताने आखला.

पुढच्या आठवड्यात: मागच्या डाव्या चाकाचे चार आरे, दोन ट्यूब, गादीला नवं रेक्झिन. पिठाच्या पेटीत उंदीर शिरतोय, तळाला पत्रा ठोकणे.